उसना कुत्रा

डेन्झिलच्या खुब्याचं ऑपरेशन, ट्रूरोच्या इस्पितळात,
म्हणून सोमवारपासून त्याचा कुत्रा माझ्याकडे.
नाव पिल्चर्ड. म्हणजे तारली.
कोण ठेवतं कुत्र्याचं नाव तारली?
डेन्झिल ठेवतो.
बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आम्ही,
बोलणं एवढंच : कचऱ्याची गाडी आज, की उद्या?

निघाले ती मी त्याला फिरवायला.
गल्लीच्या टोकापर्यंत टिकला हा समज.

शेताच्या दगडी कुंपणाशी तो थांबला, बसला,
माझ्याकडे पाहिलं, मग गवतात पाहिलं.
पायऱ्यांच्या बाजूला एक फळी. वर ओढायची.
कुत्र्याएवढं दार.
चाळीस वर्षं मी हे कुंपण चढून उतरतेय,
फळी कधी दिसली नव्हती.
मूठ तिची हाताळून हाताळून गुळगुळीत.

मेंढ्यांच्या शेतात तो आपणहून पायाला चिकटला.
पाटी आहे तिथे, लाल अक्षरांत; वाचता येत असावी त्याला.
मेंढ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही,
उधारी थकलेल्या दुकानासमोरून
माणूस जातो तसा गेला.
पुढे काटेरी गॉर्सची पिवळी रानं, कड्यावरची पायवाट,
खाली समुद्र, डावीकडे वारा,
आणि माझ्या खिशात ती पिशवी,
जिची गाठ मारताना जगातला कुठलाही माणूस
रुबाबदार दिसत नाही.

'आंधळा खलाशी' उघडायला पाच मिनिटं होती.
तो दाराशी बसला, पेन्शनच्या रांगेत बसावं तसा.
आत शिरला तो थेट खिडकीच्या बाकाखाली,
जिथली फरशी थोडी खोलगट झालीय.
लव्हडेनं पितळी वाडग्यात पाणी आणलं,
आणि अर्धं सॉसेज, मोहरी न लावलेलं.
"आलास का रे, पिल्ची?"
मग मला : "आणि आपण?"
मी याच गावात जन्मलेय.

"डेन्झिल कसाय? मंगळवारची गाणी अडलीत त्याच्यावाचून."
गाणी?
"खालचा सूर तोच धरतो ना.
बाकीचे सगळे नुसते वर चढत जातात."
बारा वर्षांत भिंतीपलीकडून
मी फक्त खोकला ऐकला होता.

पोर्थवेलच्या वाळूआधी पाटी : मे ते सप्टेंबर,
सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, कुत्र्यांना मनाई.
पावणेसहा.
उतारावर, पाटीच्या अलीकडे, जमलेले सगळे :
तीन पायांची ग्रेहाउंड,
कुठेतरी आधीच भिजून आलेले दोन स्पॅनिएल,
एक म्हातारी, आणि बाबागाडीत
तिच्याहून म्हातारा पूडल.
खाली लोक टॉवेल झटकत होते,
वाळूचे किल्ले भरतीच्या हवाली करत होते.
घड्याळ कुणीच पाहत नव्हतं.
सगळे पिल्चर्डकडे पाहत होते.
"हा उठला की सहा," ग्रेहाउंडवाला जागो म्हणाला,
"चर्चचं घड्याळ मागे पडतं. हा नाही."

तो उठला.

केवढा तो गोंधळ, केवढं ते भुंकणं,
दोऱ्या सुटल्या, चेंडू उडाले,
पूडलसुद्धा बाबागाडीतून उतरवला गेला
आणि एका लाटेवर गुरगुरून परत आत बसला.
पिल्चर्ड पोहत गेला सरळ, तारलीसारखाच,
फक्त काळं डोकं वर.

मला वाटलं, हे कळवायला हवं.
डेन्झिलचा नंबर नव्हता माझ्याकडे.
वॉर्डला लावला. सिस्टरनं फोन नेऊन दिला.
"हॅलो," तो म्हणाला.
आणि मला काही म्हणजे काही सुचेना.
"कचऱ्याची गाडी उद्या आहे," मी म्हटलं.

बराच वेळ नुसताच श्वास.
मग : "समुद्र ऐकू येतोय."
मग : "किती वाजता उठला?"
"सहाच्या ठोक्याला."
"हं," डेन्झिल म्हणाला,
आणि तो हं इतका खोल, इतका खालून आला
की लव्हडेचं म्हणणं मला तिथेच पटलं.

मी काहीतरी विचारणार होते त्याला.
पण पिल्चर्ड आला धावत,
माझ्या अगदी जवळ उभा राहिला, नीट अंतर मोजून,
आणि अंग झटकलं.